पावणेपाचला अडणारं दार: गॅरेजच्या सेन्सरची वर्षभराची कटकट

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते कळेल. रिमोट दाबला की गॅरेजचं दार जरासं खाली येतं, थबकतं आणि परत वर जातं. मोटरचा दिवा लुकलुकतो. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. वैतागून आत गेलात, चहा घेऊन अर्ध्या तासानं आलात की दार शहाण्या पोरासारखं बंद होतं. फिटर बोलावला तर हमखास बंद होतं. डॉक्टरच्या पायरीवर पाय ठेवला की पोटदुखी थांबते, तसं.

आमच्याकडे हे दोन हिवाळे चाललं. घर नागपुरात, त्रिमूर्ती नगरच्या बाजूला, दक्षिणमुखी, तोंड किंचित पूर्वेकडे कललेलं. ही दिशा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. घर बांधताना रोलिंग शटर न लावता पॅनेलचं, छताकडे सरकत जाणारं दार बसवलं होतं, मोटरसकट. अशा दाराच्या दोन्ही बाजूंना, फरशीपासून सहाएक इंचांवर, काडेपेटीहून थोडे मोठे दोन काळे डबे समोरासमोर असतात. तेच सेन्सर. आमच्या घरात सगळे त्यांना डोळे म्हणतात, मीही तेच म्हणतो.

शेजारच्या काकांनी पहिल्याच आठवड्यात निदान केलं. "दक्षिणमुखी दार आहे नं भाऊ, बंद नाही होऊन राहिलं म्हणजे काहीतरी सांगून राहिलं ते. नारळ फोडून टाका." मी हसलो. आईनं नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला दार परत अडलं.

डोळ्यांचं काम कसं चालतं

एक डोळा पाठवणारा, दुसरा घेणारा. पाठवणारा आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण ठरावीक ठेक्यात सोडत राहतो. घेणारा तो ठेका ओळखतो आणि मोटरला सतत कळवत राहतो: वाट मोकळी आहे, वाट मोकळी आहे. हे कळवणं थांबलं की मोटर दार उलटं फिरवते. मला इथे यायला फार वेळ लागला, कारण मी उलटा विचार करत होतो. माझी समजूत अशी की मध्ये काही आलं की डोळा ओरडतो. डोळा ओरडत नाही, तो गप्प होतो. मग मध्ये मांजर आलं काय, काचेवर धूळ बसली काय, तार उंदरानं कुरतडली काय किंवा डबा जरा वाकडा झाला काय, मोटरच्या लेखी सगळं सारखंच. निरोप आला नाही, दार वर.

काकांचं यावरही मत होतंच. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हापासून काकांचं ठरलेलं वाक्य: "सेन्सरचं काही खरं नसते." तापमापकाच्या बाबतीत असेल. गॅरेजच्या डोळ्याची रचनाच अशी आहे की बिघडला तरी त्याची चूक सहसा तुमच्या बाजूनं होते. तो विनाकारण दार अडवेल, पण वाट अडलेली असताना मोकळी आहे असं सांगणं त्याला फार अवघड. तसं त्याच्याकडून वदवून घ्यायचं असेल तर माणूसच लागतो. ती गोष्ट आता येतेच.

अमेरिकेत अशा दारांखाली सापडून लहान मुलं दगावली, म्हणून १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती दार-मोटरींना अडकण्यापासून वाचवणारी अशी सोय सक्तीची झाली. डोळे फरशीपासून सहा इंचांहून वर लावू नका हा नियम तिथलाच. रांगणारं मूल त्याहून वरच्या किरणाखालून सहज निघून जातं. तुमच्याकडे फिटरनं "खाली पाणी लागते साहेब" म्हणून डोळे कमरेएवढ्या उंचीवर बसवले असतील तर हे आधी पाहा.

फिटरच्या तीन खेपा

पहिल्या डिसेंबरात फिटर सकाळी अकराला आला. काचा पुसल्या, दार चारदा खालीवर केलं, पैसे घेतले, गेला. संध्याकाळी दार अडलं. दुसऱ्या खेपेत, पुन्हा सकाळीच, त्यानं नवीन डोळ्यांची जोडी बसवली. संध्याकाळी दार अडलं. तिसऱ्या खेपेत, जानेवारीच्या सुरुवातीला, तो म्हणाला, "आता परमनंट करून देतो." आणि खरंच, त्यानंतर दार एकदाही अडलं नाही. मी त्याला फोन करून धन्यवादही दिले.

मे महिन्यात कळलं की परमनंट म्हणजे काय. दुपारचे दोन, बाहेर भट्टी. नागपूरच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातली कुत्री जिथे चार हात सावली मिळेल तिथे पसरतात, आणि आमच्या उघड्या दाराखालची फरशी म्हणजे त्यांचं महाबळेश्वर. बायको बँकेत निघाली, गाडी बाहेर काढली, रस्त्यावरूनच रिमोट दाबला. दार खाली आलं आणि येतच राहिलं. लाल कुत्रं गाढ झोपेत. दाराची कड अंगावर टेकली तेव्हा ते केकाटलं, कसंबसं सुटलं, आणि मग कुठे दार वर गेलं. कुत्रं वाचलं, दोन दिवस लंगडलं. बायको त्या दिवशी बँकेत गेलीच नाही.

स्टूल लावून वर पाहिलं. दोन्ही डोळे दाराशी नव्हतेच. छताला टांगलेल्या मोटरच्या खोक्यावर, चार बोटांच्या अंतरावर, एकमेकांकडे तोंड करून काळ्या टेपनं चिकटवलेले. दिवसरात्र एकमेकांना सांगत होते, वाट मोकळी आहे. खाली चौकटीवर त्यांच्या जागी नुसते ब्रॅकेट होते, आणि ते रिकामे आहेत हे चार महिने आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. भरीस भर म्हणजे दार कशाला तरी टेकल्यावर किती जोर लावून मग मागे फिरायचं, तो जोराचा स्क्रूही त्यानं वाढवून ठेवला होता.

म्हणून कारणांकडे वळण्याआधी एक काम करा. उठा, गॅरेजमध्ये जा, डोळे जागेवर आहेत का बघा, आणि दार खाली येत असताना दोघांच्या मध्ये झाडूचा दांडा धरा. दार फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर तुमच्याकडेही कोणीतरी परमनंट करून गेलंय. ज्या दाराबद्दल तुमची काही तक्रारच नाही, त्या दाराचीही ही परीक्षा घ्या.

पावणेपाचचं रहस्य

डोळे मी खाली आणून बसवले. उन्हाळा, पावसाळा बरा गेला. नोव्हेंबरच्या मध्यावर दुखणं परत. या वेळी फिटर न बोलावता वही घेतली. तारीख, वेळ, दार अडलं की नाही, आभाळ कसं. दोन आठवड्यांत चित्र स्वच्छ झालं. दार अडायचं ते साधारण पावणेपाच ते पाच-दहा. त्या आधी नाही, नंतर नाही. ढगाळ दिवशी अजिबात नाही. जानेवारीत ही वेळ हळूहळू पुढे सरकून पाचच्या पलीकडे गेली. मावळतीबरोबर सरकणारं दुखणं उन्हाचंच असणार.

हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो. नागपुरात डिसेंबरअखेर तो ठीक पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला असतो, आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. आमच्या दक्षिणमुखी दारात किरण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. घेणारा डोळा पूर्वेच्या चौकटीवर, म्हणजे पश्चिमेकडे टक लावून बसलेला. उन्हाळ्यात मावळता सूर्य घराच्या पाठीमागे, याला त्याची खबरच नाही. हिवाळ्यात मात्र ऊन पोर्चच्या स्लॅबखालून तिरपं आत शिरून थेट त्याच्या काचेवर. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. वरातीच्या बँडसमोर उभं राहून कोणी कानात कुजबुजलं तर ऐकू येईल का? तशी त्याची गत. पाठवणारा बिचारा ठेका धरून सांगतोय, याला काही समजत नाही. पाच-दहाला कंपाउंडच्या भिंतीची सावली डोळ्यावर चढली की बँड बंद, दार चालू.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी काय म्हणत होतो? दक्षिणमुखीच्यानंच होऊन राहिलं." आता यावर काय बोलणार.

ऊनच कारण आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. घेणाऱ्या डोळ्यावर एक बारीक दिवा असतो, बहुतेक हिरवा. दार अडतं त्याच वेळी तो पाहा: विझलेला किंवा थरथरणारा असेल. आता सूर्याच्या आणि डोळ्याच्या मध्ये उभे राहा, तुमची सावली डोळ्यावर पडेल अशी, पण किरणाच्या वाटेत पाय येऊ देऊ नका. दिवा स्थिर पेटला की चोर सापडला.

उपाय दोन. सोपा म्हणजे घेणाऱ्या डोळ्यासमोर नळीचा आडोसा: पीव्हीसी पाइपचा तीन-चार इंचांचा तुकडा, आतून काळा रंगवलेला, ब्रॅकेटला पट्टीनं बांधून. नळी किरणाच्या रेषेत सरळ हवी, नाहीतर तीच अडथळा ठरते. आमच्याकडे यानं निम्मं काम झालं. कडक उन्हाच्या दिवशी तरी पाच-सात मिनिटं दार अडायचंच.

दुसरा उपाय डोळ्यांची अदलाबदल: घेणारा पश्चिमेच्या चौकटीवर, पाठवणारा पूर्वेला. पाठवणाऱ्याच्या डोळ्यात ऊन गेलं तरी त्याला फरक पडत नाही, त्याला काही पाहायचंच नसतं. आमच्यासारख्या छताच्या मोटरीत दोन्ही डोळ्यांच्या तारा जाऊन त्याच दोन टर्मिनलांना जोडलेल्या असतात, त्यामुळे डबे या बाजूचे त्या बाजूला लावले की झालं. पट्टेवाली तार पट्टेवाल्या तारेलाच, पांढरी पांढरीलाच, एवढं सांभाळा. एक गोष्ट मात्र आधी बघा. घेणारा पश्चिमेला गेला की तो पूर्वेकडे पाहणार, म्हणजे हिवाळ्यातलं सकाळचं ऊन त्याच्या डोळ्यात. आमच्या पूर्वेला तीन मजली इमारत आहे, नऊ-साडेनऊपर्यंत ऊनच येत नाही, म्हणून जमलं. तुमच्या पूर्वेला मोकळा प्लॉट असेल तर दुखणं संध्याकाळचं सकाळवर जाईल.

दिवे काय सांगतात

दोन्ही डोळ्यांवर दिवे असतात आणि निम्मं निदान तिथेच होतं. लिफ्टमास्टर, चेंबरलेन या जातीच्या मोटरींत पाठवणाऱ्याचा दिवा पिवळट, घेणाऱ्याचा हिरवा. डोळ्यांमुळे दार अडलं तर या जातीच्या कित्येक मोटरींचा मोठा दिवा दहा वेळा लुकलुकतो. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात, आपलं माहितीपुस्तक बघा. पुस्तक हरवलं असेल तर (हरवलेलंच असतं) सगळं नीट चालू असताना दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा. पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

दोन्ही दिवे विझलेले असतील तर वीज पोचत नाहीये: तार तुटलीय, कुठे एकमेकींना टेकलीय, किंवा जोडताना उलटसुलट झालीय. पाठवणाऱ्याचा पेटलेला आणि घेणाऱ्याचा विझलेला असेल तर वाट अडलीय, काच मळलीय, डबा वाकलाय किंवा ऊन आहे. घेणाऱ्याचा दिवा थरथरत असेल तर किरण काठावर लागतोय. हे थरथरणं सगळ्यात फसवं, कारण दार चालतं, आणि मग खाली येतानाच्या हादऱ्यानं किरण मध्येच तुटतो. दार निम्म्यावर येऊन परत फिरत असेल तर मी आधी याचाच संशय घेईन.

वाकलेला डबा सरळ करायला हत्यार लागत नाही. ब्रॅकेटचा विंग नट सैल करायचा, दिवा स्थिर पेटेपर्यंत डबा हळूहळू फिरवायचा, मग एका हातानं धरून नट आवळायचा. नट आवळतानाच तो पुन्हा हलतो, म्हणून ही धरायची गोष्ट. अंदाज येत नसेल तर गवंड्याची लाइनदोरी एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणून धरा. दोन्हीकडे फरशीपासूनची उंचीही टेपनं मोजा. आमच्याकडे डोळा वाकडा होण्याचं कारण वर्षातून चारदा तेच: पोछ्याचा दांडा. आणि एकदा संत्र्याची पेटी. भंडाऱ्याहून पाहुणे आले, जाताना घेऊन जाऊ म्हणून पेटी चौकटीला टेकवून ठेवली, आणि आम्ही सगळे अर्धा तास मोटरकडे बघत बसलो.

पुसायचं कशानं? मऊ, कोरड्या कापडानं. फार मळलं असेल तर कापड पाण्यात जरासं ओलं करून. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, प्लास्टिकची काच कायमची धुरकट होते. साबणाचा फवारा थेट डब्यावर मारू नका.

ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात धूळ तर आहेच, पण आमच्याकडे खरा त्रास कूलरचा झाला. गॅरेजच्या खिडकीला कूलर लावलेला, त्याचे तुषार आणि ओलसर वारा थेट पूर्वेच्या चौकटीवर. बोअरचं पाणी जड. महिनाभरात डोळ्याच्या काचेवर पांढरा थर, बाथरूमच्या नळावर बसतो तसाच. कोरड्या फडक्यानं तो निघत नाही. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडानं पुसलं, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं. आणि कूलरचं तोंड फिरवलं.

उन्हाचा दुसरा बळी म्हणजे टेप. तारेचे सांधे नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेली असते. मे महिन्यात त्या टेपचा डिंक वितळून घसरतो, सांधा उघडा पडतो. पावसाळ्यात त्यातच ओल जाते, तांबं हिरवं पडतं, आणि दार "कधी चालते, कधी नाही" या अवस्थेला येतं. सांधे डाग देऊन (सोल्डर करून) त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी चढवली की ही भानगड मिटते. चौकटीच्या खालच्या फूटभर तारेवर बारीक कंड्यूट पाइप घातला तर पाणी आणि उंदीर दोन्हींपासून बचाव. तार भिंतीवर ठोकलेल्या लोखंडी यू-खिळ्यांकडेही बघा. एखादा खिळा तारेच्या मधोमध शिरलेला असतो आणि दोन वर्षांनी गंज धरून तारा जोडून टाकतो.

तार खराब की डोळा, हे ठरवायला नवीन जोडी विकत घ्यायची गरज नाही, जी चूक माझ्याकडून झाली. मोटरचा प्लग काढा. दोन्ही डोळे चौकटीवरून सोडवा, वर मोटरपाशी नेऊन हातभर नव्या तारेनं थेट टर्मिनलांना जोडा, भिंतीतली जुनी तार बाजूला ठेवून. आता प्लग लावून डोळे समोरासमोर धरले आणि दोन्ही दिवे पेटले, तर डोळे ठणठणीत आहेत, रोग तारेत आहे. आणि हो, परीक्षा झाली की डोळे परत खाली. आमच्या फिटरनं बहुधा इथपर्यंतच येऊन घर गाठलं होतं.

पावसाळ्यात कोळी. त्यांना हा सहा इंच उंचीचा, आडोशाचा, रात्री बारीक दिवा असलेला कोपरा फार आवडतो, कारण दिव्याला किडे येतात. एक धागा किरण तोडत नाही, पण जाळ्यावर धूळ आणि मेलेले तुडतुडे साचले की तोडतो. दिवाळीच्या आसपास हे जास्त. आठवड्यातून एकदा झाडू मारणाऱ्या मावशींनाच सांगून ठेवलंय: "डोळ्यासमोरचं जाळं काढा, पण डोळ्याला हात लावू नका." हिवाळ्यात पहाटे काचेवर दव बसतं. ते सात-आठला आपोआप उतरतं, त्यासाठी काही करू नका.

महिन्याची परीक्षा

डोळे महिन्यातून एकदा तपासायचे हे सगळीच पुस्तकं सांगतात, आणि कोणीच करत नाही. आमच्याकडे जमलं ते संकष्टीमुळे. आईला दर संकष्टीला टेकडीच्या गणपतीला न्यायचं असतं, गाडी काढावीच लागते. मग दार बंद करताना परीक्षा उरकून घेतो. मुलाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी गॅरेजमध्येच असतो. तो दाराच्या रेषेत, डोळ्यांच्या मध्ये उभा करायचा आणि रिमोट दाबायचा. दार खाली यायलाच नको, किंवा लगेच फिरायला हवं. मग नंदी काढून, दार खाली येत असताना झाडूचा दांडा तीन ठिकाणी: पाठवणाऱ्याजवळ, मधोमध, घेणाऱ्याजवळ. तिन्ही वेळा फिरलं पाहिजे. मुलाला हे काम इतकं आवडतं की तारीख तोच लक्षात ठेवतो. माझी अट एकच: दार हलत असताना कोणी त्याच्याखाली हात, पाय किंवा डोकं घालायचं नाही, सेन्सर कितीही चांगला असला तरी.

त्यानंतर फळीची परीक्षा. ही डोळ्यांची नाही, मोटरच्या जोराची आहे, आणि आमच्या कुत्र्याच्या प्रकरणात खरा धोका तिथेच होता. साधारण दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या मधोमध फरशीवर आडवी ठेवा. आमच्याकडे जुन्या चौकटीचा तुकडा आहे. दार खाली येऊन फळीला टेकलं की दोन सेकंदांच्या आत परत वर गेलं पाहिजे. नुसतं थांबलं किंवा फळी दाबत राहिलं तर दार वापरू नका. जोराची सेटिंग जाणकाराकडून करून घ्या. आणि दार जड वाटतंय म्हणून जोर वाढवून घेऊ नका. दार जड झालंय म्हणजे स्प्रिंग ढिली पडलीय किंवा रूळ वाकलाय, आणि त्याचा इलाज जोर वाढवणं नाही.

दाराच्या वरची जाड गुंडाळी-स्प्रिंग स्वतः कधीच सोडवू नका. तिच्यात दाराचं सगळं वजन पेलणारा ताण भरलेला असतो. लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवायचं असेल तर शक्यतो दार पूर्ण बंद असताना. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दार वर असताना दोरी ओढली, तर दार सुटून खाली आपटतं.

घाईच्या वेळी काय? बऱ्याच मोटरींत भिंतीवरचं बटण दाबून धरून ठेवलं तर डोळे काहीही म्हणोत, दार खाली येतं. रात्री बाहेर जायचंय आणि डोळा बिघडलाय, तर हा मार्ग आहे. पण बटण दाबून धरेपर्यंत डोळे तुम्ही आहात. दार पूर्ण टेकेपर्यंत नजर तिथून हलवू नका.

शटर आणि सरकत्या गेटवाल्यांसाठी

नागपुरात पॅनेलच्या दारांपेक्षा मोटर लावलेली रोलिंग शटरं आणि सरकती गेटं जास्त दिसतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. तिथल्या डोळ्यांना फिटर लोक फोटोसेल म्हणतात. चालतात ते बहुधा १२ किंवा २४ व्होल्टवर. पाठवणाऱ्याला फक्त विजेच्या दोन तारा, घेणाऱ्याला वीज आणि बोर्डाकडे जाणारा निरोप मिळून चार. म्हणून इथे नुसती डब्यांची अदलाबदल चालत नाही, तारही बदलावी लागते.

इथे परमनंट करणं आणखी सोपं आहे: कंट्रोल बोर्डावर फोटोसेलच्या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर तारेचा तुकडा लावला की बोर्डाला वाट कायम मोकळी दिसते. काही ठिकाणी फोटोसेल नंतर लावू म्हणून हा तुकडा सुरुवातीलाच बसवतात, आणि नंतर फोटोसेल लावूनही तो काढायचा राहतो. डबे खांबावर दिमाखात, दिवे पेटलेले, आणि काम शून्य. झाडूच्या दांड्याची परीक्षा घेतल्याशिवाय हे कळत नाही. गेटचे फोटोसेल बऱ्याचदा फरशीपासून हात-दीड हात वर असतात. ते गाडीचा बंपर पकडतात, बसलेलं कुत्रं नाही. घरात लहान मूल असेल तर खाली दुसरी जोडी लावून घ्या, किंवा गेटच्या कडेला दाब ओळखणारी रबरी पट्टी. शटरला फोटोसेल नसेलच, तर रिमोट खिशातून काढून लांबूनच दाबायची सवय तरी सोडा. शटर दिसेल तिथे उभं राहून बंद करा.

फिटर बोलावताना त्याच्या सोयीची वेळ घेऊ नका. दुखणं ज्या वेळी होतं त्याच वेळी बोलवा. आमच्या फिटरला मी तिन्ही वेळा सकाळी अकराला बोलावलं होतं. तेव्हा त्याच्यावर चिडलेलो असलो तरी, पावणेपाचचं ऊन अकराला त्याला दिसणार कसं, हे मलाही सुचलं नव्हतं.

अदलाबदलीनंतर सगळं ठीक होतं. या हिवाळ्यात पुन्हा एकदा अडलं, पाच वाजता. वही काढली. पूर्वेच्या इमारतीत नवीन भाडेकरू आलेत, त्यांची चकचकीत पांढरी गाडी बरोबर आमच्या दारासमोर उभी असते, आणि मावळतीचं ऊन तिच्या आरशावरून उलटून पश्चिमेच्या डोळ्यात. पाइपचा तो जुना तुकडा माळ्यावरून काढून परत बसवला. दोन आठवडे झाले, हिरवा दिवा हललेला नाही.